रस्त्याचे पैसे पंपावर नको, किलोमीटरवर घ्या

इंदूरात पेट्रोल शंभराच्या वर गेलं त्याला आता इतके दिवस झालेत की लोकांनी त्यावर बोलणंच सोडलंय. फक्त दाहोदकडे निघालेला माणूस टाकी पूर्ण भरत नाही, कारण गुजरातची हद्द लागली की लिटरमागे दहाएक रुपये वाचतात हे सगळ्यांना पाठ आहे. आपल्या मध्यप्रदेशात पेट्रोलवर २९ टक्के व्हॅट, त्यावर लिटरमागे अडीच रुपये, त्यावर १ टक्का सेस. केंद्राचा एक्साइज वेगळा, तो एप्रिल २०२५ मध्ये २ रुपयांनी वाढून २१ रुपये ९० पैसे झाला होता. २०२५चेच भाव धरून हिशेब केला तर इंदूरात एका लिटरमागे पंचेचाळीस ते पन्नास रुपये निव्वळ टॅक्सचे होतात.

लिटरमध्ये बघून हे नीट समजत नाही, किलोमीटरमध्ये बघा. पंधराचं अ‍ॅव्हरेज देणारी पेट्रोल कार दर किलोमीटरला तीन रुपयांच्या आसपास टॅक्स भरते. हायब्रिड, म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी, चोवीस-पंचवीस देते, म्हणजे दोन रुपये. स्कूटर पंचेचाळीस देत असेल तर साधारण एक रुपया. आणि घरी चार्ज केलेली इलेक्ट्रिक कार? विजेच्या बिलात जी ड्यूटी असते तेवढीच, म्हणजे किलोमीटरला काही पैसे. बाहेर चार्जिंग स्टेशनवर केलं तर १८ टक्के जीएसटी लागतो पण तो काही रस्त्यासाठी नाही, तो कुठल्याही सर्व्हिसला लागतो तसाच आहे.

आता दुपारी सुदामानगर, अन्नपूर्णा रोड, महूनाका या भागात जी पोरं पाठीवर मोठी पिशवी लावून डिलिव्हरी करत फिरतात त्यांच्यातल्या एखाद्याचा हिशेब मांडून बघा. रोज ८० किलोमीटर, महिन्यातून २६ दिवस, म्हणजे दोन हजारावर किलोमीटर. जुनी स्कूटर, पंचेचाळीसचं अ‍ॅव्हरेज. महिन्याला पंचेचाळीस-शेहेचाळीस लिटर पेट्रोल, त्यातले दोन हजारांवर रुपये टॅक्स. त्याच रस्त्यावर त्याच्या शेजारून साठ लाखांची इलेक्ट्रिक एसयूव्ही जाते, दोन टनांच्या वर वजन, आणि चालवण्याबद्दल रस्त्याच्या नावाने एक पैसा देत नाही. मला ही गोष्ट मनापासून खटकते आणि मी हा लेख त्यासाठीच लिहितेय.

लगेच कोणी म्हणेल की ही बाई इलेक्ट्रिक गाड्यांच्या विरोधात आहे. अजिबात नाही. राजवाड्याच्या मागे, सराफ्याच्या तोंडाशी संध्याकाळी पाच मिनिटं उभं राहिलं की घसा धरतो, तिथून जुन्या टेम्पो आणि धूर सोडणाऱ्या गाड्या जितक्या लवकर जातील तितकं चांगलं. आमच्या घरातच दिरांनी गेल्या वर्षी इलेक्ट्रिक कार घेतली, मी स्वतः आग्रह केला होता. पण त्यांच्याशीच या विषयावर बोलणं झालं तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, आम्ही धूर करत नाही, मग आमच्याकडून कसला टॅक्स?" मी म्हटलं, भाऊजी, धुराचा टॅक्स नकाच देऊ, पण रस्ता तर तुम्ही वापरता ना? घरावर सोलर बसवलं म्हणून सोसायटीच्या लिफ्टचा मेंटेनन्स माफ होतो का?

खरा घोळ इथेच आहे. पंपावर आपण जे भरतो त्यात दोन-तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवलेल्या आहेत. एक, सरकारची सरसकट कमाई, ज्यातून पगार, पेन्शन, योजना सगळं चालतं. दुसरं, धूर करतोस म्हणून भर, असं कायद्यात कुठे लिहिलेलं नसलं तरी परिणाम तोच आहे. आणि तिसरं, रस्त्याचा वाटा. हा तिसरा वाटा चक्क वेगळा छापलेला आहे, रोड अँड इन्फ्रास्ट्रक्चर सेस नावाने. २०१८च्या बजेटमध्ये तो लिटरला ८ रुपये होता, २०२० मध्ये वाढत वाढत १८ वर गेला, मग नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ अशा दोन कपातींनंतर पेट्रोलवर ५ रुपयांवर आला. सन २०००च्या कायद्याने जो केंद्रीय रस्ता निधी बनला होता त्यात हा पैसा जातो, आणि २०१८ पासून त्या निधीच्या नावातच इन्फ्रास्ट्रक्चर आल्यामुळे रेल्वे वगैरे कामांनाही जातो, पण निदान कागदावर तरी हा रस्त्याचा पैसा आहे.

म्हणजे पेट्रोल कारवाला केंद्राला रस्त्यासाठी म्हणून जे देतो ते किलोमीटरला तीन रुपये नाही, ५ भागिले १५, म्हणजे ३३ पैसे. हा आकडा लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं यावर आहे. इलेक्ट्रिकवाल्याकडून तीन रुपये मागा असं कोणीच शहाणा माणूस म्हणणार नाही, तसं केलं तर उद्या कोणी इलेक्ट्रिक घेणारच नाही. पण ३३ पैसे? वर्षाला दहा हजार किलोमीटर चालवलं तर ३,३०० रुपये होतात. ऑगस्ट २०२५ मध्ये फास्टॅगचा वार्षिक पास निघाला, ३,००० रुपयांत २०० फेऱ्या, तेव्हा कारवाल्यांनी तो आनंदाने घेतला. पंधरा-वीस लाखांची गाडी घेणाऱ्याला वर्षाचे तीन-साडेतीन हजार जड जातात हे मला पटत नाही.

हायब्रिडवाल्यांची तक्रार वेगळी आहे आणि ती ऐकण्यासारखी आहे. ते म्हणतात आम्ही कमी पेट्रोल जाळतो तरी सरकार आम्हाला ना इकडचं समजतं ना तिकडचं. खरंय. इलेक्ट्रिकवर २०१९ पासून ५ टक्के जीएसटी, आणि हायब्रिडवर सप्टेंबर २०२५ पर्यंत सेस धरून ४३ टक्क्यांपर्यंत, मग दर बदलले तेव्हा छोट्या हायब्रिडला १८ आणि मोठ्याला ४०. तिकडे उत्तर प्रदेशने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा रजिस्ट्रेशन टॅक्सच माफ केला, तर शेजारच्या राज्यांतला गिऱ्हाईक बघत बसला. एकच गाडी, एकच इंजिन, झाशीत एक भाव आणि ग्वाल्हेरला दुसरा, मध्ये शंभर किलोमीटरचं अंतर. पण रस्त्याच्या बाजूने बघाल तर हायब्रिड आणि तेवढ्याच वजनाची पेट्रोल कार यांच्यात काडीचा फरक नाही, दोघी सारखीच जागा अडवतात, सारखाच रस्ता झिजवतात, आणि पेट्रोलवाली ३३ पैसे देते, हायब्रिड २० पैसे. कमी पेट्रोल जाळल्याचं बक्षीस तिला पेट्रोलच्या बिलात आधीच मिळालंय, रस्त्याच्या वाट्यात सूट देण्याचं काही कारण नाही.

हे कोडं न्यूझीलंडने फार सरळ सोडवलंय. तिथे डिझेल गाड्यांकडून १९७८ पासून किलोमीटरप्रमाणे पैसे घेतात, हजार-हजार किलोमीटर आधी विकत घ्यायचे आणि लेबल गाडीच्या काचेवर लावायचं. इलेक्ट्रिकला यातून सूट होती ती १ एप्रिल २०२४ पासून संपली, आता हजार किलोमीटरला त्यांचे ७६ डॉलर. आणि जी हायब्रिड प्लगला लावता येते, तिच्याकडून निम्मे, ३८, कारण ती पंपावरही थोडं भरतेच. दोनदा घ्यायचं नाही आणि फुकट सोडायचंही नाही. आइसलँडने २०२४ पासून इलेक्ट्रिक गाड्यांना किलोमीटरला ६ क्रोना लावले आणि पुढे २०२६ पासून पेट्रोल गाड्यांनाही किलोमीटरवर आणून पंपावरचा टॅक्स काढला. ब्रिटनने नोव्हेंबर २०२५च्या बजेटमध्ये जाहीर केलंय की एप्रिल २०२८ पासून इलेक्ट्रिकला मैलाला ३ पेन्स, प्लग-इन हायब्रिडला दीड. जवळजवळ अडीच वर्षं आधी सांगितलं, म्हणजे गाडी घेणाऱ्याला आजच माहितेय पुढे काय येणार ते.

आपल्याकडे मात्र सगळा भर किमतीवर. कर्नाटकाने २०२४ मध्ये २५ लाखांच्या वरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना १० टक्के लाइफटाइम टॅक्स लावला. महाराष्ट्राने मार्च २०२५च्या बजेटमध्ये ३० लाखांच्या वरच्या गाड्यांना ६ टक्के सुचवला आणि त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी तो घेणार नाही म्हणून सांगितलं. आपल्या मध्यप्रदेशात तर लाइफटाइम टॅक्स आहेच किमतीच्या टक्क्यांत, आणि २०२५चं इलेक्ट्रिक वाहन धोरण आलं त्यात नव्या इलेक्ट्रिक गाड्यांना टॅक्समध्ये सूट, इंदूर, भोपाळ, जबलपूर, ग्वाल्हेर, उज्जैन ही पाच मॉडेल शहरं. सूट द्या, मला हरकत नाही, पण गाडी घेताना द्या. किंमत रस्ता झिजवत नाही, वजन आणि फिरणं झिजवतं. बँकेतून रिटायर झालेले काका महिन्यातून दोनदा खजराना गणपतीला गाडी काढतात आणि टॅक्सीवाला रोज पीथमपूरच्या तीन चकरा मारतो, दोघांनी गाडी घेताना एकदाच तेवढाच टॅक्स भरायचा यात कुठला न्याय?

आणि महाराष्ट्राने २०२५ मध्ये इलेक्ट्रिक गाड्यांना समृद्धी, अटल सेतू, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर टोलमाफी दिली ती तर मला बिलकुल चुकीच्या जागी दिलेली वाटते. टोल हा एकच असा पैसा आहे जो थेट रस्ता वापरल्याबद्दल घेतला जातो. बॅटरी बनवणाऱ्याला मदत करा, चार्जरला जागा द्या, जुनी गाडी भंगारात काढणाऱ्याला पैसे द्या, पण टोलवर सूट म्हणजे तुम्ही लोकांना शिकवताय की रस्ता फुकट असतो.

आता मूळ मुद्दा, रस्ता तोडतं कोण. देवास नाक्याला सिग्नलच्या अलीकडे उतरून कधी डांबर बघितलंय? जिथे ट्रक ब्रेक मारून थांबतात तिथे डांबराच्या अक्षरशः वळ्या पडलेल्या असतात, चाकाच्या दोन पट्ट्या खाली दबलेल्या आणि मधला भाग फुगून वर आलेला, उन्हाळ्यात तर स्कूटरचं चाक त्यात धरलं जातं आणि हँडल हातातून निसटतं. बाजूच्या लेनमध्ये जिथे फक्त कार चालतात तिथे डांबर जवळजवळ सपाट. १९५८ ते ६० मध्ये अमेरिकेत इलिनॉय राज्यात मुद्दाम रस्ते बांधून त्यावर ट्रक फिरवून मोठी चाचणी झाली होती, त्यातून निघालेला नियम आजही इंजिनिअर वापरतात: अ‍ॅक्सलवरचं (समोरासमोरच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावरचं) वजन दुप्पट झालं की रस्त्याची झीज दोन पट नाही, साधारण सोळा पट होते. चौथा घात. एक टनाच्या अ‍ॅक्सलपुढे दहा टनांचा अ‍ॅक्सल दहा हजार पट झीज करतो. आपल्याकडे जुलै २०१८ मध्ये ट्रकच्या चार टायरवाल्या अ‍ॅक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून साडेअकरावर नेली. वजन वाढलं बारा-तेरा टक्के, पण त्या नियमाने झीज वाढते साठ टक्क्यांच्या वर.

आणि यांच्याकडून रस्त्याचा सेस किती? डिझेलवर २०२२ नंतर लिटरला २ रुपये. पेट्रोलवर ५, डिझेलवर २! भरलेला ट्रक लिटरला चार किलोमीटर जातो, म्हणजे किलोमीटरला ५० पैसे, कारच्या दीडपट. टोलच्या २००८च्या नियमांत मूळ दर कारला किलोमीटरला ६५ पैसे आणि दोन अ‍ॅक्सलच्या ट्रकला २ रुपये २० पैसे, सव्वातीन-साडेतीन पट. झीज हजारो पट आणि पैसे साडेतीन पट. इलेक्ट्रिक कार पेट्रोलपेक्षा दोन-अडीचशे किलोने जड असते म्हणून ती रस्ते फोडेल अशी भीती काही लोक घालतात, हिशेबाने तिची झीज पेट्रोल कारच्या दुपटीच्या आसपास जाईलही, पण एका ट्रकपुढे ती दुप्पट मोजायलाही लागत नाही. तेव्हा इलेक्ट्रिकवाल्यांना एकट्याला कोपऱ्यात घेऊन चालणार नाही, न्याय करायचा तर ट्रकपासून सुरू करावा लागेल.

यावर उत्तर ठरलेलं आहे, ट्रकला हात लावला की भाजी महाग. चोइथराम मंडीत येणारा कांदा-बटाटा ट्रकनेच येतो, मान्य. पण ट्रक आज जे रस्ते फोडतात त्याची दुरुस्तीही आपणच भरतोय, फक्त ती भाजीच्या भावात दिसत नाही, खड्ड्यात दिसते, शॉकअपच्या बिलात दिसते, पाठीच्या दुखण्यात दिसते. शिवाय एकूण पैसा वाढवायची गरज नाही, दराची रचना बदला. तोच माल जास्त अ‍ॅक्सलवर वाटला की रस्त्याला त्रास फार कमी होतो, मग जास्त अ‍ॅक्सलच्या ट्रकला टनामागे कमी दर लावा आणि दोन अ‍ॅक्सलवर ठासून भरणाऱ्याला जास्त. ट्रकमालक हिशेबाचे पक्के असतात, पाच वर्षांत गाड्या बदलतील.

मोजायचं कसं, हा प्रश्न आला की सगळे जीपीएसकडे धावतात. सप्टेंबर २०२४ मध्ये नियम बदलून केंद्राने उपग्रहावरून टोल घ्यायची सोय केलीच आहे, त्यात रोजचे पहिले २० किलोमीटर माफ. हायवेवर ट्रकसाठी ते ठीक आहे. पण माझी गाडी कुठल्या गल्लीत, कुठल्या डॉक्टरकडे, किती वाजता उभी होती हे सरकारी कॉम्प्युटरला कळायची काही गरज नाही, किती चालली एवढं पुरे. आणि त्यासाठी गाडीत मीटर आहेच. माझ्या गाडीचा इन्शुरन्स रिन्यू करताना एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर मीटरचा फोटो मागवला, इंजिन चालू करून, आकडा स्पष्ट दिसेल असा, आणि दोन मिनिटांत काम झालं. जुलै २०२२ मध्ये विमा नियामकाने जितकी गाडी चालवाल तितका प्रीमियम अशी पॉलिसी मंजूर केल्यापासून कंपन्या हे करतायत. तेच वापरा. वर्षाला एकदा विम्याबरोबर आकडा टाका, फरकाचे पैसे भरा. पीयूसीच्या वेळी घ्या असंही काही जण सुचवतात, पण इलेक्ट्रिकला पीयूसी लागतच नाही, म्हणून विमाच बरा. मीटर मागे फिरवणारे निघतील, निघतातच, पण सर्व्हिस सेंटरच्या नोंदी आणि फास्टॅगच्या नोंदी समोर ठेवल्या की मोठी चोरी लपत नाही.

अडचण आहे ती राज्यांची. इथला मराठी माणूस गाडी काढतो ती लग्नाला पुण्याला, मुलांकडे नाशिकला, मग इंदूरच्या गाडीने महाराष्ट्रात घातलेल्या किलोमीटरचे पैसे मध्यप्रदेशने का खावेत? ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याने २०२१ मध्ये इलेक्ट्रिक गाड्यांना किलोमीटरला अडीच सेंट लावले होते, ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, ते रद्द केले, का तर असा टॅक्स फक्त केंद्राला लावता येतो. आपल्या घटनेत उलट आहे, गाड्यांवरचा टॅक्स राज्यसूचीत, ५७ नंबरची नोंद. म्हणून राज्यांनी मिळून ठरवावं लागेल, आणि जीएसटीच्या वेळी सगळी राज्यं एका टेबलावर आली होती, म्हणजे अशक्य नाही. सुरुवातीला ज्या राज्याची नंबरप्लेट त्या राज्याला पैसे, एवढं साधं ठेवलं तरी बिघडत नाही.

टू-व्हीलरना यातून बाहेर ठेवा, त्यांची झीज नावापुरती आणि पैसे गोळा करायचा खर्चच जास्त होईल. ई-रिक्षा पण बाहेर. देशात नव्या तीनचाकींतल्या निम्म्याहून जास्त आता इलेक्ट्रिक आहेत, चालवणारा माणूस दिवसाचं कमावून दिवसाचं खाणारा. राजवाड्याजवळ त्यांची जी गर्दी होते ती परमिट आणि रूट ठरवून सोडवायची गोष्ट आहे. सिटी बस इलेक्ट्रिक असो की सीएनजी, जड असली तरी तिला माफ, कारण ती चाळीस माणसं नेते. राहिल्या कार, एसयूव्ही, टॅक्सी, मालगाड्या. त्यांना वजनाच्या पट्ट्यांप्रमाणे दर, इंधन कुठलंही असो.

आणि पैसा भोपाळ किंवा दिल्लीच्या मोठ्या खात्यात बुडता कामा नये. आपण सगळ्यात जास्त चालतो ते शहरातल्या रस्त्यांवर आणि ते सांभाळते नगर निगम, जिच्याकडे पेट्रोलच्या टॅक्समधून थेट काही येत नाही, तिला मालमत्ता कर आणि वरून येणाऱ्या अनुदानावर चालावं लागतं. २०१३ मध्ये सुरू झालेला बीआरटीएस, म्हणजे बससाठी राखून ठेवलेला रस्ता, फेब्रुवारी २०२५ मध्ये हायकोर्टाच्या परवानगीनंतर काढायचं ठरलं, म्हणजे बांधायलाही पैसे आणि तोडायलाही. किलोमीटरच्या आकारातला निम्मा तरी वाटा ज्या शहरात गाडी रजिस्टर आहे त्या शहराला मिळायला हवा आणि त्यातून फूटपाथ, पाण्याचा निचरा, रस्त्यांची दुरुस्ती यावरच खर्च व्हावा, वॉर्डप्रमाणे हिशेब लावून.

माझी मागणी एवढी आहे की राज्याने इलेक्ट्रिक धोरणातच आत्ता लिहून टाकावं, की अमुक तारखेपासून कार आणि त्याहून जड गाड्यांना किलोमीटरप्रमाणे आकार लागेल, सुरुवातीचा दर इतका, आणि तारीख निदान दोन वर्षं पुढची असावी म्हणजे आज गाडी घेणाऱ्याची फसवणूक होणार नाही. पेट्रोलवरचा बाकीचा टॅक्स राहू दे, धूर आहे तोवर तो असायलाच हवा. पण ज्या दिवशी हा आकार पेट्रोलच्या गाड्यांना लागेल त्या दिवशी पंपावरचे रस्त्याच्या नावाचे ५ रुपये निघाले पाहिजेत, त्याच दिवशी, नंतर बघू असं नाही, आणि केंद्राने हे लेखी दिल्याशिवाय कुठल्याही राज्याने पहिलं बिल काढू नये.